निळशेंडी आणि वीस एप्रिल

२ मार्च

वन्सं,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघी दोन मिनिटांत भांडतो. कागदावर निदान समोरचीचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं आणि मग भांडता येतं. शिवाय सोबत पानं पाठवायची आहेत, ती फोनमधून जात नाहीत.

मुद्द्यावर येते. मागच्या वर्षी वरच्या माळावर आमच्या चार गाई मेल्या. त्याच्या आदल्या वर्षी दोन, त्याच्याही आधी एक. मामंजी गेले आणि आम्ही दोघं डेअरीतली नोकरी सोडून इथं आलो, त्यानंतर गाय मेल्याशिवाय एकही वर्ष गेलेलं नाही. दर वेळी तोच प्रकार. एप्रिलमध्ये वरचं फाटक उघडायचं, गाई चरायला जायच्या, आणि एक-दोन दिवसांत एखादीचे पाय थरथरायला लागायचे. पुढचे गुडघे टेकायचे, मग कुशीवर पडायची, पोट फुगायचं, खेळ खलास. गुरांचे डॉक्टर येतात, मेलेल्या गाईच्या पोटावर थाप मारतात आणि 'गॅस' म्हणून निघून जातात. थापा मारायला डॉक्टर कशाला हवा, मलाही येतात. शेजारचा मेंढपाळ म्हणतो, "तुमच्या गाई नाजूक. माझी मेंढरं बघा, दगड पचवतात."

मला संशय आहे तो एका झाडाचा. थंडी सरली की सगळ्यात आधी तेच उगवतं. त्याची पानं सोबत आहेत. तुम्ही कॉलेजात वाळलेली झाडं सांभाळता, आणि तुमचे दादा कौतुकानं सांगतात की नुसतं पान बघून तुम्ही झाडाचं कूळ ओळखता. माणसांची कुळंही तुम्ही ओळखता. लग्नाच्या वेळी माझ्याबद्दल काय म्हणालात, ते मी विसरलेले नाही.

घाई अशासाठी, की हे म्हणतात यंदा एक जरी गाय पडली तर कळप विकायचा आणि शहरात तुमच्या घराच्या खालच्या मजल्यावर येऊन राहायचं. यातल्या निम्म्या गाई मी बाटलीनं दूध पाजून वाढवल्यात. मला त्या सोडून कुठल्याही मजल्यावर जायचं नाही. तेव्हा लवकर कळवा.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

पाकीट मिळालं. उघडलं तर वाटलं, कुणीतरी भाजी निवडून देठं मला धाडलीत. झाडाचा नमुना असा पाठवत नाहीत. मूळ, खोड, पान, जमलं तर फूल, सगळं एकत्र हवं. वर्तमानपत्रात सपाट ठेवून वर वजन ठेवायचं. तुम्ही कात्रीनं कापलेली पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलीत. ती घामेजून इथं येईपर्यंत काळी पडली. माझ्या खोलीत बारा कपाटं आहेत आणि प्रत्येकात डांबराच्या गोळ्या आहेत, पण त्या सगळ्यांचा वास तुमच्या पिशवीपुढे हरला.

तरी ओळखलं. हे पंजापान. पाच बोटांसारखं कापलेलं पान, लव असलेलं, उग्र वासाचं. गाई त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि लावलं तरी काही होत नाही. तुमच्या गाई हिवाळाभर कोरडा चारा खातात आणि हिरवं दिसलं की बकाबका खाऊन फुगतात. यात झाडाचा दोष नाही. नाचता येईना अंगण वाकडं.

आणि फाटकाबद्दल बोलताना जरा जपून. बाबा दर वर्षी माझ्या वाढदिवसाला, वीस एप्रिलला, वरचं फाटक उघडायचे. आई गेली त्या वर्षापासूनची ही पद्धत. मी फाटकावर चढून बसायचे, कडी मीच काढायचे, आणि मग गाई माझ्या खालून जायच्या. तो फोटो अजून माझ्या टेबलाच्या वर टांगलेला आहे. सातव्या वर्षी मला शाळेसाठी मावशीकडे शहरात ठेवलं. तेव्हापासून दर वीस एप्रिलला बाबांचा फोन यायचा, "उघडलं गं फाटक." एवढंच बोलून ठेवून द्यायचे. बाबा गेल्यावर दादा करतो, आणि आवाज अगदी बाबांचा. एवढ्या वर्षांत कधी गाय मेल्याचं मी ऐकलं नाही. माळ तोच, तारीख तीच. बदललंय काय, ते तुमचं तुम्ही बघा.

खालच्या मजल्याला रंग देऊन घेतलाय. पिस्ता रंग, दादाला आवडतो. ओटा तुम्हाला जरा उंच होईल, पण त्यासाठी उंच टाचांच्या चपला मिळतात.

तुमची नणंद


१८ मार्च

वन्सं,

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते तुमच्या पत्रातून नीट कळलं. आभारी आहे.

पानं कात्रीनं का कापली, ते सांगते. तुमचे दादाच म्हणाले, "मूळ नको पाठवूस, तिच्या टेबलावर माती सांडलेली तिला खपत नाही." म्हणून मी आपली वरच्यावर कापली. तुमच्या टेबलाची इभ्रत राखायला गेले आणि तुम्ही माझ्याच तोंडाला पानं पुसलीत. घ्या, आता मुळासकट पाठवते आहे. माती मुद्दाम झटकलेली नाही.

तुम्ही म्हणता पानाला लव आहे, उग्र वास आहे. चष्मा लावला होतात का? मी माळभर फिरून आले. तुमचं पंजापान तिथं आहे, नाही असं नाही, पण माझं झाड त्याच्या शेजारी आहे आणि ते वेगळं आहे. दुरून बघितलं तर दोन्ही सख्ख्या बहिणी. हात लावला की पंजापान खरखरीत, त्याचा वास बोटांना दिवसभर राहतो. माझं गुळगुळीत आहे, चुरगाळलं तरी वास म्हणून नाही. आणि मूळ बघा. शेंगदाण्याएवढ्या गाठींचा घोस आहे, आणि खोड ओढलं की वरचं हातात येतं, गाठी खालीच राहतात.

'बकाबका खातात' म्हणालात. काय खाणार? माळावर अजून गवताचा पत्ता नाही. मागच्या वर्षीची पिवळी बुडखं तेवढी आहेत. हिरवं म्हणून जे दिसतं ते एवढं एकच. कळपात एक थोराड गाय आहे, सगळ्यांच्या पुढे चालते आणि बाकीच्या तिच्या मागे. तिला मी मास्तरीण म्हणते. राग मानू नका, तुमच्यावरून ठेवलेलं नाही. ती जे खाईल ते सगळ्या खातात. काल कुंपणाच्या अलीकडून ती या हिरव्याकडे मान लांब करून बघत होती, मी हाकलून मागे आणली.

काय ते नीट बघून कळवा. वीस तारीख फार लांब नाही.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

मूळ मिळालं. माती टेबलावर, टेबलावरून खणात, खणातून माझ्या डब्यात गेली. समाधान झालं असेल.

ही निळशेंडी आहे. फुलेल तेव्हा निळं फूल येईल आणि फुलाच्या पाठीमागे शेंडी निघालेली असेल, त्यावरून नाव. गाठींचा घोस ही तिची पक्की खूण. काळ्या पडलेल्या पानांवर लव आहे की नाही हे कळायला मी अंतर्ज्ञानी नाही, त्यामुळे अर्धी चूक तुमच्या कात्रीची. उरलेली अर्धी माझी. ती मी नाकारत नाही, पण गावभर सांगतही फिरणार नाही.

गाईंना ती विषारी आहे, मेंढ्यांना फारशी नाही. म्हणून तुमचा मेंढपाळ फुशारक्या मारतो. कोवळी असताना विष जास्त, आणि शेंगा वाळून तडकल्या की पुष्कळच कमी. जी गाय पडेल तिला कुशीवर पडू देऊ नका. छातीवर बसती ठेवा, डोकं चढाच्या बाजूला, आणि पळवू नका. उपटायला जाऊ नका, गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा उगवतात.

आता एक लक्षात घ्या. हे तण कुठून वाहून आलेलं नाही, ते इथलंच आहे. आपल्या पणजोबांच्या आधीपासून ते त्या माळावर आहे. घर त्याचं, पाहुणे आपण. मागून आलेल्यानं आधीपासून असलेल्याला तण म्हणायचं, ही रीत मी आपल्या घरातही पाहिली आहे, म्हणून नवल वाटलं नाही.

मग बाबांच्या वेळी गाई का मेल्या नाहीत? तेव्हाही निळशेंडी होतीच. उत्तर एकच असू शकतं. तुम्ही माळाला झेपत नाहीत इतक्या गाई ठेवल्यात. गवत हटलं की तिचं फावतं. कळप कमी करा, किंवा सरळ विका. तुमचंही वय आता गाठी मोजायचं राहिलेलं नाही.

तुमची नणंद


५ एप्रिल

वन्सं,

गाई मामंजींच्या होत्या त्याच्या निम्म्याही नाहीत. शेजारी सांगतो, त्यांच्या वेळी माळ गाईंनी नुसता ठिपक्याठिपक्यांचा दिसायचा. तेव्हा तुमचं 'एकच उत्तर' परत पाठवते आहे, दुसऱ्या कुणाला तरी द्या.

विषाचं मात्र तुम्ही सांगितलंत ते बरोबर असणार, माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्याशी जुळतं. ते मी यांना वाचून दाखवलं. हे उठले आणि तालुक्याला गेले. औषधाच्या दुकानातल्या माणसानं एक डबा गळ्यात मारला, "मारा, आठ दिवसांत फडशा." पाठीवर पंप बांधून यांनी वरचा अर्धा माळ फवारला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. झाडं मेली नाहीत, नुसती वाकडी होऊन माना टाकून पडलीत. हे रोज जाऊन बघतात आणि "आता मरतील" म्हणतात.

मी म्हटलं, फवारा राहू द्या, एवढंच करा, यंदा फाटक उशिरा उघडा. गवत वर येऊ दे, मे उजाडू दे. तर मूग गिळून गप्प. चहात साखर कमी पडली तर अर्धा तास बोलणारा हा माणूस. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणाले, "वीस म्हणजे वीस." का, विचारलं, तर उठून गोठ्यात गेले. म्हशीशी सुद्धा मी इतकं डोकं फोडलेलं नाही.

म्हणून तुम्हाला मागते आहे. यांना एक ओळ लिहा, 'दादा, यंदा उशिरा उघडलंस तरी चालेल.' तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. लग्न होऊन आल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितल्याचं आठवतंय का? मलाही आठवत नाही. हे पहिलं.

वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

फवाऱ्याची अक्कल कुणाची ती असो, आता नीट वाचा. फवारलेली निळशेंडी वाळायला लागली की गोड होते. विष तेवढंच राहतं आणि गाईला ती आधीपेक्षा जास्त आवडते. त्या अर्ध्या माळाला आजच्या आज तार ओढा. गाई उरलेल्या अर्ध्यात ठेवा, सोडायच्या आधी घरी पोटभर चारा घाला. एवढं केलंत तर वीस तारखेला काही होणार नाही.

ओळ मात्र मी लिहिणार नाही.

तुम्हाला ते लाड वाटतील, वाटू देत. मी दिवसभर ज्यांच्याबरोबर असते ती मेलेली झाडं आहेत. ती कागदाला चिकटवलेली असतात आणि बोलत नाहीत. संध्याकाळी घरी येते तर तिथंही तेच. वर्षातून एकदा फोन वाजतो आणि बाबा सांगतात की फाटक उघडलं. बाबा नाहीत, दादा आहे, ते मला कळतं. पण त्या दिवशी मी कुणाची तरी असते. बाबा वीस तारखेला फाटक उघडायचे आणि त्यांच्या गाई जगायच्या, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमच्या शंकेखातर मी त्यातली एक खोटी ठरवणार नाही.

आणि तुम्ही म्हणता तसं काही झालंच, तर खालचा मजला आहेच. पडदे शिवायला टाकलेत.

तुमची नणंद


२४ एप्रिल

वन्सं,

तुमचा फोन झाला असेल. "उघडलं गं फाटक," एवढंच यांनी सांगितलं असणार. पुढचं मी सांगते.

तार ओढली होती. गाईंना चाराही घातला होता. तुमच्या पत्रातला शब्द न् शब्द पाळला. मास्तरीण फाटकातून आत गेली, फवारलेल्या बाजूनं गोड वास आला असेल, तारेला छाती लावून उभी राहिली, आणि खुंटासकट तार घेऊन पलीकडे गेली. बाकीच्या तिच्या मागे. कळपाला शिस्त म्हणतात ती ही. आम्ही दोघं ओरडत पोचेपर्यंत तिथली झाडं बुडापर्यंत साफ झालेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन गाई पडल्या. तुम्ही सांगितलंत तसं मी त्यांना छातीवर बसवलं, डोकी चढाकडे केली, दोन्ही कुशींना पेंढ्याची पोती लावली. दोघी संध्याकाळपर्यंत उठल्या. मास्तरीण उताराकडे तोंड करून पडली होती आणि ती आम्हाला दोघांना मिळून वळवता आली नाही. हिसके देत होती. मी तिची मान मांडीवर धरून बसले होते. तेवढ्यात तिचं पोट फुगत गेलं, आणि मग मांडीवरची मान जड झाली.

हे बाजूला उभे होते. म्हणाले, "झालं. विकून टाकू." घरी येऊन दलालाला फोन लावला. तो सहा मेला ट्रक घेऊन येतो आहे.

तुमच्या मनासारखं झालं. पडदे तयार ठेवा. मी तिथं येईन, तुमच्या पिस्ता रंगाच्या भिंतीकडे बघत बसेन, आणि रोज सकाळी तुम्हाला चहा करून देईन, आणि त्या चहात मी कधीही साखर घालणार नाही.

वहिनी


२८ एप्रिल

वहिनी,

हे पत्र घाईनं लिहिते आहे, जलद टपालानं टाकते आहे. फोनही केला होता, तुम्ही उचलून ठेवून दिलात.

तुमचं पत्र वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला. खोटं कशाला बोलू. गाईचा विचार नंतर आला. दादा येणार म्हणून मी टेबलावरचा फोटो काढला आणि खालच्या मजल्यावर लावायला घेऊन गेले. तिथं खिडकीतून चांगला उजेड येतो. खिळा ठोकायच्या आधी फोटो पुसायला हातात धरला आणि तशीच उभी राहिले.

फाटकावर मी बसले आहे. शेजारी बाबा. बाबांच्या गुडघ्यांपर्यंत गवत आहे, वहिनी. आणि फाटकाच्या खांबाला लागून एक झाड आहे. त्याला फूल नाही. शेंगा आहेत, वाळून तडकलेल्या. निळशेंडी आहे ती. तुमच्या माळावर निळशेंडी त्या अवस्थेला मे अर्धा सरल्याशिवाय येत नाही. थंडी लांबली तर आणखी पुढे. तो फोटो वीस एप्रिलचा असूच शकत नाही.

तीस वर्षं लोक मला कुठून कुठून चुरा पाठवतात आणि मी त्यांना कूळ सांगते. माझ्याच टेबलावरच्या फोटोतलं झाड मी कधी ओळखलं नाही. त्या फोटोत मी फक्त स्वतःला बघत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्या शहाणपणात गाय तुमची गेली.

मग खाली जिन्यात बसून आठवत राहिले. एका वाढदिवसाला मी स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून फाटकावर बसले होते. एकाला घामानं फ्रॉक पाठीला चिकटला होता. पाच-सहा वर्षांच्या पोरीला कॅलेंडर कुठून कळणार? शेंगा तडकल्या, गवत वर आलं, की बाबा सांगत असणार, आज तुझा वाढदिवस. मला वाटायचं माझ्यासाठी फाटक उघडतायत. फाटकासाठी मी जन्माला येत होते.

एक गोष्ट मात्र सुटत नाही. पुढं बाबांचा फोन तर वीसलाच यायचा. ते दादाला विचारा. तेव्हा तो चौदाचा तरी असेल, त्याला ठाऊक असणार.

दलालाला परत पाठवा. गाई आत्ताच खाली आणा आणि कोरड्या चाऱ्यावर ठेवा. मेंढपाळाला वरच्या माळावर मेंढ्या सोडू दे, निळशेंडी त्या खातील आणि गवताला जागा होईल. फाटक शेंगा वाळल्यावर, गवत पावलं झाकायला लागल्यावर उघडा. दर वर्षी असंच करा. तिला संपवायला जाऊ नका, ती संपत नाही. तिची वेळ टळू द्यायची, बस. उंटावरून आता मेंढ्या हाकते आहे, पण यंदा ऐका.

तुमची नणंद


७ मे

वन्सं,

पत्र दोन तारखेला मिळालं. यांच्यासमोर ठेवलं. वाचून यांनी टेबलावरचे भाकरीचे तुकडे बोटानं गोळा केले. मग बोलले, आणि जे बोलले ते ऐकून मला हसावं की घागर डोक्यात घालावी ते कळेना.

तुमचं बरोबर आहे. तुमच्या आई गेल्या त्या वर्षी तुम्ही वाढदिवस हवा म्हणून रडत होतात. मामंजींना माळाच्या कामातून उसंत नव्हती. त्यांनी सांगितलं, फाटक उघडेल त्या दिवशी तुझा वाढदिवस. पुढे तेच चालू राहिलं. तुम्ही शाळेत गेलात, कॅलेंडरात आपली खरी जन्मतारीख शोधायला शिकलात, आणि पहिल्याच वीस एप्रिलला मावशीकडून फोन केलात, "बाबा, उघडलं का फाटक?" मामंजी म्हणाले, "उघडलं गं." उघडलेलं नव्हतं. माळावर तेव्हा गवताची काडी नव्हती. त्यानंतर दर वर्षी तुम्ही विचारायच्या आत ते स्वतःच फोन करायचे आणि तेच खोटं सांगायचे. फाटक त्यांच्या सोयीनं मे संपता संपता उघडायचं. यांना त्यांनी बजावलं होतं, "तिला कळू द्यायचं नाही."

मामंजी गेले आणि तो फोन यांच्याकडे आला. मी विचारलं, "मग तुम्हीही म्हणायचं की, उघडलं. कुणी बघायला येतंय?" तर हे म्हणतात, "बाबांना जमायचं. मला फोनवर खोटं बोलता येत नाही."

म्हणून हे वीस तारखेला जाऊन खरंच फाटक उघडायचे आणि मग फोन करायचे.

एवढंच आहे सगळं. एका खोटारड्या माणसानं जन्मभर गाई जगवल्या आणि एका सत्यवचनी माणसानं चार वर्षांत कळपाची वाट लावली. मी यांना म्हटलं, तुमच्या घराण्याला माया करायची असेल तर दुसऱ्याच्या गुरांवर करत जा.

दलाल काल आला. यांनी त्याला शब्द दिला होता, आणि यांचा शब्द म्हणजे तुम्ही बघितलंतच. 'परत जा' म्हणायला यांची जीभ रेटेना. मग मीच त्याला गोठ्यात नेलं आणि एकेका गाईसमोर उभं करून सांगितलं, हिनं विष खाल्लंय, ही दोन आठवड्यांपूर्वी पडली होती, हिचे पाय अजून बघा. सगळं खरं. तो ट्रक वळवून गेला तो गेलाच. सत्य कुठं बोलायचं असतं ते यांना आता तरी कळलं असेल.

वहिनी


१२ मे

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं. एकानं मला आयुष्यभर खोटं सांगितलं आणि दुसऱ्याला ते एकदाही सांगता आलं नाही. दोघांपैकी कुणावर रागवावं ते कळत नाही, म्हणून सवयीनं तुमच्यावर रागावले आहे.

दादाला सांगा, एवढा मोठा माणूस आणि एक फोन करायला गाई लागतात. मला काय वाटेल याची त्याला इतकी काळजी होती, तर तीन वर्षांत एकदा येऊन भेटायचं होतं. ते काही त्याला सुचलं नाही. गाय मारणं सोपं वाटलं. हे त्याला जसंच्या तसं वाचून दाखवा, गाळू नका.

मेंढ्या सोडल्यात का? शेंगा रोज बघा. हिरव्या असतील तोवर कडीला हात लावू देऊ नका, मग तो कितीही रडला तरी.

तुमची नणंद


२९ मे

वन्सं,

जसंच्या तसं वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा ते शेजाऱ्याच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतंय असं दाखवत होते.

मेंढ्या दहा दिवस होत्या. मेंढपाळानं आधी उपकार केल्यासारखं तोंड केलं, आता दर वर्षी येऊ का विचारतोय. निळशेंडी कुठं कुठं राहिलीच आहे, पण तिच्या शेंगा वाळल्या, तडकल्या, आणि मधून गवत वर आलं. परवा सकाळी फाटक उघडलं. कडी मी काढली. हे पुढे झाले होते, मी हात बाजूला केला. गाई घाबरत घाबरत आत गेल्या. पुढे चालायला आता कुणी नाही, त्यामुळे सगळ्या एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मग जी ती आपापल्या तोंडासमोरचं गवत खायला लागली.

हे फाटकाला धरून उभे होते. म्हणाले, "बाबा असते तर आज तिचा वाढदिवस केला असता." मी म्हटलं, हळू बोला, तिनं ऐकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा सुरू होईल. तर हे रडायला लागले. गेल्या महिन्यात मास्तरीण गेली तेव्हा या माणसाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी तिथं थांबले नाही, कुणीतरी घरी भाकरीचं बघायला हवं होतं.

काल उजाडता उजाडता वर गेले. चढ संपायच्या आधी मी डोळे मिटून घेतले, तुमच्यापासून कशाला लपवू. उघडले तेव्हा दव पडलेलं होतं आणि गाई चरत होत्या. एकेकीजवळ जाऊन पाय बघितले, कुशी दाबून बघितल्या. आज पुन्हा गेले. सगळ्या उभ्या आहेत.

फोटो तुम्ही लपवू शकला असतात. पत्र आठ दिवस उशिरा टाकलं असतंत तर ट्रक भरून गेला असता आणि आम्ही आज तुमच्या खाली राहत असतो. तुम्हाला ते कळत होतं, आणि तरी तुम्ही जलद टपालानं टाकलंत. ते माझ्या लक्षात आलेलं नाही असं समजू नका.

आता आम्ही येत नाही, वन्सं. खालचा मजला भाड्यानं देऊन टाका. वाट बघत बसू नका. आजवर तुम्हाला लिहिलेल्यात हे एक वाक्य मी टोमणा म्हणून लिहिलेलं नाही.

वहिनी